नाशिकचे दान आणि 'स्थानिक' या शब्दाचा गुंता

सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांच्या सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजासाठी करायच्या खर्चाची चर्चा फार वेळ पैशावर टिकत नाही. ती 'स्थानिक' या शब्दावर येऊन अडते. आमचा खर्च स्थानिकांसाठीच होतो, असे कारखानदार सांगतात. पेठ-सुरगाणा या जिल्ह्यातल्याच आदिवासी तालुक्यांची माणसे विचारतात, मग आम्ही कुठले? जिल्हा एकच, कलेक्टर कचेरी एकच, तरी हा प्रश्न गेली दहा-बारा वर्षे मिटलेला नाही.

देणगीची रीत नाशकात जुनी आहे. पांडवलेण्यांच्या दहाव्या लेण्यात क्षहरात घराण्यातल्या राजाच्या जावयाचा लेख आहे. त्यात ३,००० कार्षापणांचा (त्या काळच्या नाण्यांचा) अक्षयनिधी गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. २,००० एकीकडे दरमहा शेकडा एक दराने, १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही. पहिल्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण. दान भिक्षूंना मिळाले आणि भांडवल विणकरांच्या हाती खेळले. एकाच रकमेतून दोन्ही साधणारी इतकी नेटकी सोय पुढच्या काळात क्वचितच दिसते.

बाजारपेठेतला धर्मादाय अलीकडचा, पण आजच्या वादाच्या अधिक जवळचा. हमाली, तोलाई, अडत यांच्या रांगेत 'धर्मादाय' म्हणून दोन-चार पैसे कापायचे, त्यातून पाणपोई, धर्मशाळा, गोशाळा चालवायच्या. पैसा शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून जायचा आणि पाटीवर नाव पेढीचे लागायचे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने कलम ५४ मध्ये या वसुलीला हात घातला. अशी रक्कम कापणारा व्यापारी तिचा मालक नव्हे, विश्वस्त आहे. त्याने तिचा वार्षिक हिशेब दिला पाहिजे. त्याच कायद्याच्या कलम ९ ने दारिद्र्य किंवा संकटनिवारण हा धर्मादाय हेतू मानला आणि निव्वळ धार्मिक शिकवण वा पूजेला त्या व्याख्येबाहेर ठेवले. सिंहस्थाच्या शहरात ही रेघ ओढणे सोपे नव्हते. अन्नछत्र पूजेचा भाग की भुकेचे निवारण, हे इथे आजही ज्याचे त्याने ठरवायचे असते.

गरिबाच्या घरातला मुलगा वर चढला तो मात्र वसतिगृहाच्या जिन्याने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत नाशकात समाजासमाजाची बोर्डिंगे उभी राहिली. १९१४ साली बहुजनांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थेच्या शाळा-महाविद्यालये आज जिल्हाभर आहेत. शेतकरी, नोकरदार, छोटे व्यापारी यांच्या वर्गणीवर हे उभे राहिले. त्या वर्गणीने जे केले ते कोणत्याही एका मोठ्या देणगीने केले नसते, असे माझे मत आहे. पण तिथे 'समाज' म्हणजे बहुधा जात होती. 'समाजातील होतकरू विद्यार्थ्यांना' या शब्दांत कोण येतो आणि कोण बाहेर राहतो, हे वाचणाऱ्याला न सांगता कळायचे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, तो याच शहरात. ज्यांच्यामागे वर्गणी देऊ शकणारा समाजच नव्हता, त्यांची मुले या जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंतही उशिरा पोचली.

१९७२ च्या दुष्काळाने दानाची मर्यादा दाखवली. खडी फोडणाऱ्या माणसाला अन्नछत्र नको होते, काम हवे होते. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासून. काम हा हक्क झाल्यावर खासगी देणगी पुन्हा शाळा, दवाखाना, मंदिर यांच्याकडे वळली. पुढची तीन-साडेतीन दशके चित्र साधारण असेच राहिले. बचत गट आणि भिशी तेवढ्या गावपातळीवर आपली वाट काढत होत्या, तीही बायकांच्या स्वतःच्या पैशावर.

१ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याचे कलम १३५ लागू झाले. ५०० कोटींचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी असेल तर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करायचे. सातपूर-अंबडमधले मोठ्यांना सुटे भाग पुरवणारे बहुसंख्य छोटे व्हेंडर या रेषेच्या खालीच राहतात, म्हणून नाशकात सीएसआर म्हणजे मूठभर मोठे कारखाने. त्यांतल्या अनेकांची मुख्य कचेरी मुंबई-पुण्याला किंवा परदेशात.

याच कलमात एक परंतुक आहे: कंपनी जिथे काम करते ते स्थानिक क्षेत्र आणि त्याच्या आसपासचा भाग यांना प्राधान्य द्यावे. 'स्थानिक क्षेत्र' म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नाही. कोणी कारखान्यापासूनचे किलोमीटर मोजले, कोणी तालुका धरला, कोणी जिल्हा, तर कोणी राज्य. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित, म्हणजे मागे पडलेले म्हणून खास लक्ष द्यायचे, जिल्हे जाहीर केले. महाराष्ट्रातून त्यात चार आले: नंदुरबार, वाशीम, उस्मानाबाद आणि गडचिरोली. नाशिक आले नाही. द्राक्षे, कांदा, कारखाने आणि विमानांचा कारखाना असलेल्या जिल्ह्याची सरासरी मागास कशी निघणार? त्या सरासरीत पेठ आणि सुरगाणा झाकले गेले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६१ लाख, त्यात अनुसूचित जमातींचा वाटा चौथ्या भागाहून थोडा जास्त. राष्ट्रीय प्राधान्यक्रम पाहणाऱ्या कंपनीला नाशिक पुढारलेले दिसले. स्थानिक प्राधान्य पाहणाऱ्या कंपनीला कारखान्याच्या भिंतीपलीकडची शाळा दिसली. पेठ या दोन्हींच्या मध्ये राहून गेले.

२५ ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने खुलासा केला की स्थानिक क्षेत्राचे प्राधान्य मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. राष्ट्रीय प्राधान्यांशी त्याचा मेळ कंपनीने घालावा. वाद मिटवण्यासाठी आलेल्या या खुलाशाने नाशकात वाद वाढवला. 'आधी स्थानिक' म्हणणाऱ्यांचा आधार सैल झाला आणि कंपन्यांना दोन्ही बाजूंनी मोकळीक मिळाली. माझ्या मते प्रश्न बंधनाचा नव्हताच, मोजमापाचा होता. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत राबणारी टोळी पेठ-सुरगाण्याहून येते. शहरातल्या मजूर अड्ड्यांवर सकाळी उभी राहणारी माणसेही बरीचशी तिकडचीच. जिल्ह्याची कमाई ज्यांच्या हातून होते त्यांचे गाव स्थानिक न धरण्याला काय आधार आहे?

त्या गावांची अडचण एकाच हंगामाच्या पिकाची आहे. भात, नागली, वरई खरिपात निघतात. पाऊस धो धो पडतो आणि डोंगरावरून वाहून जातो, उन्हाळ्यात त्याच गावच्या बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन घरेच्या घरे 'जगायला' बाहेर पडतात आणि मुलांची शाळा अर्धवट राहते. बोरगावच्या बाजूला जिथे पाणी हाताशी आले तिथे स्ट्रॉबेरी उभी राहिली. म्हणजे पाणी, मग दुसरे पीक, मग मुलाची सलग शाळा, मग आयटीआय. ही साखळी पुरी व्हायला दहा-बारा वर्षे लागतात. २०२१ च्या सीएसआर नियमांत चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षे धरली आहे. तेवढ्यात पाचवीतली मुलगी आठवी-नववीपर्यंत पोचते.

मधल्या काळात २०२० ची टाळेबंदी आली. मुंबई-आग्रा रस्त्याने कसारा घाट चढून पायी येणाऱ्यांना गावोगावच्या लोकांनी भाकरी, पाणी, चपला दिल्या. १ मे रोजी देशात सुटलेल्या पहिल्या श्रमिक गाड्यांमध्ये नाशिकहून भोपाळ आणि लखनौला जाणाऱ्या गाड्याही होत्या. तेव्हा तुम्ही कुठले, असे विचारून कोणी भाकरी वाढली नाही. त्या दिवसांतल्या बहुतेक मदतीची पावतीही नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकर कायद्याच्या कलम ८०जी ची सवलत २०१७ मध्येच बंद झाली होती, पण रस्त्यावर वाढणाऱ्यांच्या ते ध्यानीमनीही नसावे.

डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाणा तालुक्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातमध्ये सामील करा, अशी मागणी केली. रस्ता, पाणी, दवाखाना हीच कारणे होती. बैठका झाल्या, आश्वासने मिळाली. त्याच सुमारास कंपन्या २०२१ च्या नियमांसोबत आलेल्या नमुन्यात सीएसआरचे अहवाल भरत होत्या. त्यात प्रत्येक प्रकल्पापुढे एक रकाना होता: स्थानिक क्षेत्र, होय किंवा नाही. शेजारी प्रकल्पाचे ठिकाण: राज्य, जिल्हा. तालुक्याचा रकाना नव्हता. सातपूरच्या भिंतीलगत बांधलेली वर्गखोली असो की सुरगाण्यातला पाझर तलाव, दोन्हींपुढे लिहायचे ते एकच: महाराष्ट्र, नाशिक.