तीन पिन की पाच पिन, हे नंतर. आधी सॉकेट कोणतं ते बघा

दोन-तीन हजारांतला ६१ बटणांचा मेकॅनिकल कीबोर्ड घरात आला, की थोड्याच दिवसांत त्याचे स्विच, म्हणजे प्रत्येक बटणाखालचे सुटे खटके, बदलायची हौस येते. खोक्यावर ‘हॉट-स्वॅपेबल’ असतं, शेजारी ‘तीन पिन’ असतं. कुणीतरी सांगतं, ‘तीन पिनचे कुठलेही घे, बसतील.’ मग गॅटरॉन कंपनीचे तीन पिनचे स्विच मागवले जातात आणि ते बोर्डात, म्हणजे कीबोर्डाच्या आतल्या सर्किट बोर्डात, जातच नाहीत. जोर लावला की पिन दुमडते, आणखी जोर लावला की बोर्ड कामातून जातो. हा सल्ला इतक्यांदा आणि इतक्या खात्रीने दिला जातो, की एकदाचं हे नीट सांगून टाकायला हवं.

डाग दिलेला बोर्ड आणि हॉट-स्वॅप बोर्ड यांतला फरक तुम्हाला माहीत असणारच. पहिल्यात स्विच काढायला सोल्डरिंग आयर्न आणि पंप लागतो, दुसऱ्यात स्विच चिमट्याने ओढला की निघतो. फक्त एक लक्षात ठेवा: एकाच नावाचा कीबोर्ड दोन्ही प्रकारांत विकला जातो. रॉयल क्लुजचा आरके ६१ तसाच आहे. तेव्हा नुसत्या नावावर ऑर्डर देऊ नका, खालचं वर्णन वाचा. ऑप्टिकल स्विच हा तर तिसराच प्रकार. त्यात धातूच्या पिनाच नसतात, प्रकाशाचा किरण अडतो-सुटतो त्यावर बटण लागतं. त्याची इथल्या कशाशीच अदलाबदल होत नाही.

पिनांची भानगडही छोटीच आहे. चेरी कंपनीने १९८०च्या दशकात एमएक्स स्विच आणला आणि आज बाजारात दिसणारे बहुतेक स्विच त्याच घडणीचे आहेत. त्याला धातूच्या पिना दोनच असतात. मधला जाड प्लास्टिकचा खुंट धरला की तीन होतात, आणि खुंटाच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन बारीक प्लास्टिकचे पाय असले की पाच. त्या पायांमधून वीज जात नाही. स्विच तिरका होऊ नये, एवढ्यासाठी ते असतात. कीबोर्डात प्लेट, म्हणजे बोर्डाच्या वरची चौकोनी भोकांची पट्टी, असेल तर ती स्विचला धरून ठेवतेच. पाच पिनचा स्विच तीन पिनच्या बोर्डात बसवायचा असेल तर ते दोन पाय नेलकटरने बुडापासून कापा. काम झालं. यावर तासभर वाद घालण्यासारखं काहीही नाही, आणि नेमका यावरच सगळा वाद चालतो.

खरी अडचण धातूच्या पिना ज्यात जातात त्या सॉकेटची आहे. स्वस्त बोर्डांत मुख्यतः दोन तऱ्हेची सॉकेटं येतात आणि दोन्हींना विक्रेते ‘हॉट-स्वॅप’च म्हणतात.

एक काइल या स्विच कंपनीच्या पद्धतीचं. बोर्डाच्या खालच्या अंगाला प्लास्टिकची चपटी डबी डाग देऊन बसवलेली असते आणि तिच्यात धातूच्या पट्ट्या असतात. पिन आत आली की पट्टी कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी थोडी उघडते आणि तिला धरून ठेवते. पट्टीला लवचीकपणा असल्यामुळे पिन थोडी जाड असो की बारीक, तिला फरक पडत नाही. चेरी, गॅटरॉन, काइल, टीटीसी, सगळे स्विच यात बसतात. गॅटरॉनही अशीच सॉकेटं बनवतं.

दुसरं आउटेमू या स्विच कंपनीचं. यात डबी नाही, पट्टी नाही. बोर्डाच्या भोकातच धातूची इवलीशी नळी बसवलेली असते आणि पिन सरळ तिच्यात घुसते. ही नळी फाकत नाही. आउटेमूने आपल्या स्विचच्या पिना चेरी किंवा गॅटरॉनच्या पिनांपेक्षा अरुंद ठेवल्या आहेत, आणि नळीचं माप त्या अरुंद पिनेचं आहे. म्हणून या बोर्डात आउटेमूचेच, किंवा तेवढ्याच बारीक पिनांचे, स्विच जातात. तुमचा गॅटरॉन तीन पिनचा आहे की पाच पिनचा, याने इथे काडीचाही फरक पडत नाही. प्लास्टिकचे पाय कापता येतात, धातूच्या पिनेची रुंदी कमी होत नाही.

उलट बाजूने मात्र अडत नाही. आउटेमूचे स्विच काइल पद्धतीच्या सॉकेटात सहसा व्यवस्थित चालतात. ‘माझ्या बोर्डात तर दोन्ही चालतात’ असं जे लोक छातीठोकपणे सांगतात, त्यांच्याकडे काइल पद्धतीचं सॉकेट असतं, हे त्यांनाच ठाऊक नसतं.

आपल्याकडे काय आहे हे मिनिटाभरात कळतं. यूएसबी काढा, मधला एखादा स्विच उपसा आणि मोबाइलचा टॉर्च त्या चौकोनात मारा. खुंटाच्या मोठ्या भोकाशिवाय आणखी दोन ऐसपैस गोल भोकं दिसली, साधारण तीन मिलिमीटरची, आणि त्यांच्या आत धातूची पट्टी चमकली, तर ते काइल पद्धतीचं. त्याऐवजी चंदेरी कडेची दोन बारीक छिद्रं दिसली, जेमतेम पिन जाईल एवढीच, तर ते आउटेमूचं. खुंटाशेजारी दोन्ही बाजूंना पायांची जादा भोकं असली तर बोर्ड पाच पिनचा. अशा बोर्डात बहुतेक वेळा काइल पद्धतीचं सॉकेट असतं, त्यामुळे ‘पाच पिनचा बोर्ड घे’ हा सल्ला पुष्कळदा बरोबर ठरतो, पण चुकीच्या कारणासाठी. विकत घ्यायच्या आधी विक्रेत्याकडे एक स्विच काढलेला फोटो मागा. फोटो देत नसेल तर दुसरा विक्रेता बघा. ‘हॉट-स्वॅप’ एवढंच लिहून सॉकेटबद्दल चकार शब्द न काढणं ही ग्राहकाची फसवणूकच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जोर लावण्याबद्दल. आउटेमूच्या नळीत जाड पिन कशीबशी घुसवता येते, हे खरं. पण नळी फाकली की फाकली. नंतर मूळचा स्विच परत लावला तर तो त्यात सैल बसतो. की कधी लागते, कधी लागत नाही, कधी एकदा दाबली की दोनदा लागते. इन्स्क्रिप्टने मराठी लिहिणाऱ्याला हे सगळ्यात आधी कळतं, कारण हलन्त ‘डी’वर आहे आणि तो आपल्याला शब्दाशब्दाला लागतो. ती एक की रुसली की ‘त्यांच्या’चं ‘तयांचया’ होतं. पिना कानशीने घासून बारीक करा, असाही एक सल्ला फिरतो. ६१ स्विचच्या १२२ पिना घासायच्या, प्रत्येक सारखी घासली जाईल याची खात्री नाही, आणि धातूचा कीस बोर्डावर सांडला तर वेगळंच दुखणं. हे मुळीच करू नका.

काइल पद्धतीच्या सॉकेटालाही सांभाळावं लागतं. काइल स्वतः ते सुमारे १०० वेळा स्विच घालण्या-काढण्यापुरतं असल्याचं सांगतं, ते घरच्या वापराला भरपूर आहे. ते बिघडतं ते वाकड्या पिनेमुळे. पिन भोकात न जाता बाजूला टेकते, आपण अंगठ्याने रेटतो आणि खालची डबी डागातून सुटते. म्हणून प्रत्येक स्विच लावायच्या आधी डोळ्यांसमोर धरून पिना सरळ आहेत का ते बघायचं, चिमट्याने सरळ करायच्या आणि मग सरळ खाली दाबायचं. बोर्ड केसमधून काढलेला असेल तर खालून त्या डबीला बोटाचा आधार द्यायचा.

आउटेमूचा बोर्ड आधीच घेऊन बसला असाल तर तो टाकून द्यायची गरज नाही. कंपनीचे जुने, टकटक वाजणारे निळे स्विच मला अजिबात आवडत नाहीत. ज्या खोलीत दुसरं माणूस बसलेलं आहे तिथे निळे स्विच वापरूच नयेत. पण सायलेंट पीच किंवा क्रीम यलो हे आउटेमूचेच आहेत आणि चांगले आहेत. पाच पिनचे मिळाले तर पाय कापा.

आणि स्विचवर आणखी पैसे घालण्याआधी स्टॅबिलायझर, म्हणजे लांब बटणं तिरकी होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली असलेले तारेचे आधार, बघा. ६१ बटणांच्या नेहमीच्या मांडणीत ते पाच ठिकाणी असतात: बॅकस्पेस, एंटर, दोन्ही शिफ्ट आणि स्पेसबार. स्वस्त कीबोर्डचा खडखडाट बहुतांशी तिथूनच येतो. तारेची दोन्ही टोकं जिथे प्लास्टिकमध्ये अडकतात, तिथे डायइलेक्ट्रिक ग्रीसचा छोटा थेंब द्या. बोर्डाच्या पाठीला मास्किंग टेपचा एक थर चालेल. केसमध्ये कोंबून फोम भरू नका, त्याने बोर्ड खालून वर ढकलला जातो. कीबोर्ड वायरलेस असेल तर केस उघडताना झटका देऊ नका. बॅटरी खालच्या केसला चिकटवलेली असते आणि तिची बारीक वायर बोर्डाला जोडलेली असते. ती कनेक्टरमधून आधी सोडवा, मग पुढचं काम.