पांढऱ्या अस्वलाचा टॅग आणि नर-मादीचं गणित

मध्यंतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो फिरत होता. बर्फावर आडवं पडलेलं भलंमोठं पांढरं अस्वल, त्याच्यामागे बंदूक घेऊन गुडघ्यावर बसलेला हसरा शिकारी पाहुणा, आणि जरा लांब कुत्र्यांच्या स्लेजपाशी उभा असलेला एक इन्युइट, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या मूळ रहिवाशांपैकी, माणूस. फोटो पुढे पाठवणारे सगळे चिडलेले होते आणि ते बरोबरच आहे, मलाही तो बघवला नाही. पण निम्म्या शिव्या त्या स्लेजवाल्याला होत्या, की हे एस्किमो लोक पैशासाठी अस्वलं विकतात, आधी यांची परमिटं बंद करा. हे मात्र मला पटेना, कारण या परमिटांमागचं जीवशास्त्र मी गेली काही वर्षं आवडीने वाचतोय आणि ते वाचलं की प्रश्न वेगळाच दिसायला लागतो.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हापासून शिकार म्हणजे गुन्हा हे डोक्यात पक्कं बसलंय. तिकडे १९७३ साली ओस्लोमध्ये कॅनडा, अमेरिका, सोव्हिएत युनियन, नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या वतीने डेन्मार्क अशा पाच देशांनी करार केला, त्यात विमानातून आणि मोठ्या मोटरबोटींतून होणारी अस्वलांची शिकार बंद झाली पण स्थानिक लोकांचा परंपरागत हक्क राहिला. आज जगात अंदाजे २२ ते ३१ हजार पांढरी अस्वलं आहेत, त्यातली साधारण दोन तृतीयांश कॅनडात, आणि बाहेरच्या हौशी शिकाऱ्याला अस्वल मारू देणारा देशही कॅनडा एकटाच.

आता टॅग, म्हणजे हे परमिट, काय असतं ते बघा. एखाद्या भागातल्या अस्वलांची मोजणी होते, त्यावरून वर्षाचा कोटा ठरतो, आणि तो गावोगावच्या शिकाऱ्यांच्या संघटनांना टॅगच्या रूपात वाटला जातो. एक टॅग म्हणजे एक अस्वल. त्यातले किती घरच्यांनी वापरायचे आणि किती पाहुण्यांना, म्हणजे पैसे देऊन येणाऱ्या बाहेरच्या शिकाऱ्यांना, द्यायचे हे गाव ठरवतं. पाहुण्यासाठी कोट्याच्या वर एकही जादा अस्वल नाही, आणि त्याला इन्युइट गाइड लागतोच, जायचंही कुत्र्यांच्या स्लेजवरून. कातडं पाहुणा नेतो, मांस गावात वाटलं जातं (लिव्हर सोडून, त्यात व्हिटॅमिन ए इतकं असतं की माणसाला विषबाधा होते). गावाला मिळणारे पैसे बरेच असतात, आणि ते का लागतात हेही सांगायला हवं. १९८३ मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यावर बंदी घातली, इन्युइट मारतात ते सील वेगळे होते तरी सगळा बाजारच कोसळला आणि त्यांची रोख कमाई गेली. म्हणजे लांबच्या शहरांतल्या लोकांच्या दयाबुद्धीचं बिल या लोकांनी एकदा भरलेलं आहे.

बरं, आता माझ्या आवडीचा भाग. कोट्यात नर किती आणि माद्या किती?

पांढऱ्या अस्वलाची मादी पिल्लांना साधारण अडीच वर्षं सांभाळते. तेवढा काळ ती नराला जवळ येऊ देत नाही, त्यामुळे एक मादी साधारण तीन वर्षांतून एकदाच जोडीसाठी तयार असते. समजा एका भागात १०० प्रौढ माद्या आणि १०० नर आहेत, तर एका वसंतात मोकळ्या माद्या फक्त ३३ च्या आसपास आणि त्यांच्यामागे १०० नर. एका मादीमागे तीन. म्हणूनच नरांमध्ये भयंकर मारामाऱ्या होतात, दात तुटतात, तोंडावर व्रण दिसतात. याचा अर्थ काही नर कमी झाले तरी जन्मणारी पिल्लं तेवढीच राहतात, पण एक मादी गेली की तिची पुढची सगळी पिल्लं गेली. यावरूनच १९८० च्या दशकात हिशोब मांडला गेला की वर्षाला साधारण ४.५ टक्के अस्वलं काढली आणि त्यात दोन नरांमागे एकच मादी असली तर संख्या टिकते. १००० अस्वलांत ३० नर आणि १५ माद्या. चुकून माद्या जास्त मारल्या गेल्या तर पुढच्या हंगामात त्या गावाचे टॅग कापायचे. हौशी शिकाऱ्याला तर मोठा नरच हवा असतो, तेव्हा निव्वळ आकड्यांच्या भाषेत तो सगळ्यात कमी नुकसान करतो.

पण नर किती कमी केले तर चालतील? इथे एक जबरदस्त गोष्ट आहे. हा प्राणी कळपाने राहत नाही. एप्रिल-मेमध्ये नर मादीच्या पावलांचा माग काढत बर्फावरून मैलोन्‌मैल चालतो, सापडली की जोडी एक-दोन आठवडे एकत्र राहते कारण मादीचं बीज आपोआप सुटत नाही, वारंवार समागम झाला की मगच सुटतं. म्हणजे एक नर एका हंगामात मोजक्याच माद्यांपर्यंत पोचू शकतो. पीटर मोल्नार, अँड्र्यू डेरोशर या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडच्या लँकेस्टर साउंड भागातली माहिती घेऊन याचं गणिती मॉडेल केलं. त्यात असं दिसलं की नर कमी होत गेले तरी बराच वेळ काहीच बिघडत नाही, जवळजवळ सगळ्या माद्यांना जोडीदार मिळतच राहतो, आणि एका मर्यादेच्या खाली गेलं की आलेख एकदम कोसळतो. आणि ही मर्यादा सगळीकडे एक नाही, ती अस्वलांच्या दाटीवर अवलंबून आहे, विरळ भागात नर-मादी एकमेकांना सापडणंच अवघड म्हणून तिथे ती लवकर येते. संख्या कमी झाल्यामुळेच जन्मदर घसरणं, याला अ‍ॅली इफेक्ट म्हणतात. शिकाऱ्यांना वर्षानुवर्षं सगळं ठीक दिसतं, वाढतं फक्त नरांचं विरळ होणं, आणि ते मोजायला कोणी गेलेलं नसतं.

मोजणी चुकते तेव्हा काय होतं त्याचं उदाहरण कॅनडाच्या उत्तरेकडचा मॅक्लिंटॉक चॅनल हा भाग. तिथे ७०० च्या आसपास अस्वलं धरून कोटा ठरत होता, नव्या मोजणीत २८४ निघाली, आणि २००१ मध्ये शिकार बंद करावी लागली. तिथल्या जोआ हेवन गावाचे टॅग गेले. चूक आकड्यांची होती, भरपाई गावाने केली. त्यामुळे इन्युइट लोक शास्त्रज्ञांच्या आकड्यांवर पटकन विश्वास ठेवत नाहीत, ते म्हणतात आम्हाला गावाजवळ अस्वलं जास्त दिसतात, आणि २०१९ मध्ये नुनावुतने, म्हणजे कॅनडातल्या इन्युइटबहुल प्रदेशाने, दोनास एकचं प्रमाण बदलून एका नरामागे एक मादी इथपर्यंत मुभाही दिली. हा बदल मला काळजीचा वाटतो. पण ते खोटं बोलत नाहीत हेही खरं, २०१८ मध्ये नुनावुतमधल्या आर्विआत गावाजवळ मुलांना वाचवताना एका बापाचा अस्वलाने जीव घेतला. अस्वल शेजारी राहतं म्हणजे काय हे त्यांना विचारावं.

आणि बंदीचं काय? २००८ मध्ये अमेरिकेने पांढरं अस्वल धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि शिकारीचं कातडं देशात आणणं बंद झालं. ऐकायला छान. पण कोटा तसाच राहिला, पाहुणे घटले आणि टॅग घरच्या शिकाऱ्यांकडे परत गेले. बऱ्याच गावांत नियम असा होता की पाहुण्याला अस्वल मिळालं नाही तर तो टॅग बाद. पाहुणे रिकाम्या हातीही परत जायचे, म्हणजे ते अस्वल वाचायचं. घरचा शिकारी चुकला तर टॅग दुसऱ्याला जातो.

भिंतीवर लावायला जीव घेणं मला पटत नाही आणि कितीही गणित वाचलं तरी पटणार नाही. तो आनंद मला कळत नाही. पण तो प्रश्न बंदूकवाल्याला विचारायचा, स्लेजवाल्याला नाही, कारण तो त्याच्या हक्काच्या अस्वलाचं काय करायचं ते ठरवतोय. आपल्याकडे दरवेशी अस्वल घेऊन दारात यायचा तेव्हा पोराला दृष्ट लागू नये म्हणून अस्वलाच्या केसाचा ताईत घ्यायला रांग लागायची. त्या केसात औषध काडीचं नव्हतं, आणि पिल्लू आईपासून तोडून, नाकात दोरी ओवून तो धंदा चालायचा. तो आपणच चालवला, हे इन्युइट लोकांना शिव्या देताना आठवावं.

आणि अस्वलं फक्त शिकारीनेच कमी होत नाहीत. कॅनडातल्या हडसन खाडीच्या पश्चिम भागात १९८७ ला सुमारे १२०० होती, २०२१ च्या मोजणीत ६१८. तिथला बर्फ पूर्वीपेक्षा लवकर फुटतो, आणि बर्फ नाही तर सील नाही. मादी वसंतात जोडी करते तरी गर्भ लगेच रुजत नाही, काही पेशींचा गोळा होऊन तो शरद ऋतूपर्यंत तसाच थांबतो. तोवर मादीच्या अंगावर पुरेशी चरबी साठली तरच तो रुजतो, नाहीतर शरीर तो सोडून देतं. डेरोशर आणि सहकाऱ्यांच्या १९९२ च्या नोंदींमध्ये ज्या माद्यांना पुढे पिल्लं झाली त्यातली सगळ्यात हलकी मादी शरद ऋतूत १८९ किलोची होती.