कूगर मारले की हरणं वाढतात?

पश्चिम अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा जुना हिशोब असा: एक कूगर, म्हणजे तिकडचा 'माउंटन लायन', मार्जारकुळातला मोठा शिकारी प्राणी, आठवड्याला एक हरीण मारतो. दहा कूगर टिपले की वर्षाला पाचशे हरणं वाचली. गुणाकार बरोबर आहे, गृहीतक चुकलंय. त्यातली बरीच हरणं थंडीनं नाहीतर उपासमारीनं तशीही मेली असती.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या आग्नेय भागात १९९७ ते २००३ दरम्यान हे प्रत्यक्ष करूनच पाहिलं. काही पट्ट्यांत कूगर आणि कोयोटे (कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातला तिथला प्राणी) मुद्दाम कमी केले, काहींत नाही. कूगर घटले तिथे पाडसं जास्त जगली, हे खरं. पण म्यूल डिअरचे, म्हणजे तिथल्या हरणांचे, कळप म्हणावे तसे वाढलेच नाहीत. खरी सूत्रं हिवाळ्याच्या हातात होती. बर्फ खोल साचला की चरायची झुडपं गाडली जातात, अंगातली चरबी संपते, आणि आधी जातात ती पाडसं.

बरं, शिकाऱ्यांचं तरी काय चुकतं? कूगर शिकार पालापाचोळ्यानं झाकून ठेवतो. तसं अर्धवट खाल्लेलं धड एकदा पाहिलं की डोक्यातून जात नाही. बर्फाखाली निमूट मेलेलं पाडस दिसतं कुणाला?

मात्र बिगहॉर्न या रानमेंढ्यांच्या छोट्या कळपाला एखादाच चटावलेला कूगरही जड जातो.