कोरड्यास म्हणजे कोरडं नव्हे

‘मटण कोरड्यास (सुके)’. पुण्या-मुंबईतल्या गावरान म्हणवून घेणाऱ्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर असलं काहीतरी छापलेलं असतं. वर ‘अस्सल कोल्हापुरी’ असा शिक्का. रेसिपीच्या व्हिडिओंतही तेच: कढईत मसाला परतून परतून कोरडा करायचा आणि त्याला कोरड्यास म्हणायचं. कोल्हापुरात सुक्या मटणाला सुकं मटण म्हणतात. इतका सोपा शब्द हाताशी असताना कोरड्यासाला, म्हणजे भाकरीबरोबर खायला जे केलेलं असतं त्याच्या नावाला, कशाला वेठीला धरायचं?

कोरड्यासाच्या जोडीनं येणारा शब्द कालवण. त्याबद्दल फार सांगायला नको. पातळ, रस असलेलं, भाकरी नाहीतर भात त्यात कालवून खायचा, म्हणून कालवण. किनाऱ्याकडं ते बहुतेकदा माशाचं असतं, देशावर मटणाचं, अंड्याचं, कडधान्याचं. कोकणातली कालवं म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यातला जीव, त्याचं नातं वेगळं. कालवांचंही कालवण होतं, एवढाच काय तो संबंध.

खरी गोची कोरड्यासाची. शब्दात ‘कोरडा’ दिसला की लोक तिथंच थांबतात आणि शेवटचा ‘स’ वाचतच नाहीत. सगळी मेख त्या ‘स’मध्ये आहे. शाळेत पाठ केलेली विभक्ती आठवा: ‘रामास फळ दिले’. तोच हा चतुर्थीचा ‘स’. म्हणजे कोरड्यास याचा सरळ अर्थ ‘कोरड्याला’. आता हे घरातलं वाक्य बघा: “आज कोरड्यास काय केलंस गं?” कोरडी आहे ती भाकरी. ती नुसती घशाखाली उतरत नाही, तिला सोबत काय केलंस, असं विचारणं आहे. कोरडेपणा भाकरीचा, पदार्थाचा नव्हे. उलट तो कोरडेपणा घालवायलाच पदार्थ केलेला असतो.

बोलण्यातून हा ‘स’ कधीचाच गेलाय. ‘आईस सांग’ असं कागल-करवीरात कुणी म्हणत नाही, ‘आईला सांग’ म्हणतात. या शब्दात मात्र तो असा मुरला की प्रत्यय आहे हेच विसरलं गेलं आणि अख्खा शब्दच नाम झाला. पुरावा हवा तर “कोरड्यासात मीठ कमी पडलंय”, “कोरड्यासाला चार वांगी आण” ही वाक्यं ऐका. प्रत्ययावर दुसरा प्रत्यय चढलाय आणि कुणाला खटकत नाही. नाम झालं ते नपुंसकलिंगी: कोरड्यास झालं, आटलं, करपलं. ‘कोरड्यास झाली’ ऐकू आलं की समजावं, पाहुणे लांबचे आहेत.

म्हणून कालवण आणि कोरड्यास एकाच वाडग्यात असले तरी शब्द दोन कामांचे आहेत. कालवण हे खायच्या रीतीवरून पडलेलं नाव, कोरड्यास हे ताटातल्या नेमणुकीचं नाव. आमटी, मुगाचं पातळ, पिठलं, भाकरीपुढं आलं की सगळं कोरड्यास. झुणका कुणी कालवत नाही, तेव्हा तो कालवण नव्हे. पण भाकरीला तेवढाच असेल तर तो कोरड्यास ठरतो. हे काही घरांत मान्य नाही. तिथं कोरड्यास म्हणजे रस असलेलंच. असू दे. शब्द पातळाकडं झुकलाय हे मला चालतं. सुक्याकडं त्याला ओढलेलं चालत नाही.

गोव्यात याचं सख्खं भावंड भेटतं: तोंडाक. ओला-सुका नारळ भाजून, वाटून केलेली कडधान्याची भाजी. कोंकणीत चतुर्थीला ‘क’ लागतो, रामाक, घराक, तसं तोंडाक म्हणजे तोंडाला. आपण तोंडी लावणं म्हणतो, तिकडं तोंडाकडं बघून पदार्थालाच नाव दिलं, इकडं भाकरीकडं बघून दिलं. फरक असा की तोंडाक पुढं एका ठरावीक पदार्थाचं नाव झालं. कोरड्यास अजून तसं बांधलं गेलेलं नाही. तसं ते बांधू नये, म्हणूनच मेनूकार्डांवर माझा राग.

गोव्यातच कडी म्हणजे भातावरची माशाची आमटी, आपल्याकडं कढी म्हणजे ताकाची. ही गफलत एकदा जेवलं की सुटते. गुजरातीत भाजी म्हणजे मुख्यतः पालेभाजी, बटाट्याचं ते शाक. कन्नड तर वेगळ्याच कुळातली भाषा, पण निपाणी-बेळगावकडं ताट शेजारी शेजारी असतं. तिथं रोट्टीबरोबर जे येतं ते पल्य, रस असो वा नसो. वापर कोरड्यासाच्या जवळचा, शब्दाची घडण निराळी. आणि मिसळीवर कोल्हापुरात कट असतो. तर्री नागपूरची.

राहता राहिला खर्डा. हिरवी मिरची, लसूण, मीठ, तव्यावर भाजून खरडलेलं. तो कोरड्यासात धरायचा का, यावर जुनी माणसंसुद्धा अडून बसतात. माझ्या मते नाही. “कोरड्यास काय नव्हतं, खर्ड्यावरच भागवलं” असं आपण म्हणतो, तेव्हाच तो बाहेर काढलेला असतो.