पार्श्वभूमी : सॅक्रामेंटोतील लॉबिस्टांची संघटना आणि देणगीबंदीचे कलम

कॅलिफोर्निया राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटो शहरात, विधिमंडळापुढे आणि प्रशासनापुढे मोबदला घेऊन दुसऱ्याची बाजू मांडणाऱ्या लॉबिस्टांची एक व्यावसायिक संघटना आहे. तिची वाटचाल सत्तरच्या दशकापासूनची. वॉशिंग्टनमधल्या लॉबिंगबद्दल मराठीत अधूनमधून लिहिले जाते. राज्यांच्या राजधान्यांत चालणारे काम मात्र सहसा नजरेआड राहते. विमा, पाणी, शाळा, कामगारांची नुकसानभरपाई, व्यावसायिक परवाने हे विषय अमेरिकेत मुख्यतः राज्यांच्या हातात असल्यामुळे हे दुर्लक्ष बरोबर नाही. या संघटनेचा इतिहास समजून घेताना तिच्या वार्षिक सभांपेक्षा एका कलमाकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. लॉबिस्टाने निवडणुकीतल्या उमेदवाराला देणगी द्यावी की नाही, हा त्या कलमाचा विषय. या एकाच प्रश्नावर संघटना दोनदा न्यायालयात लढली. एकदा जिंकली, एकदा हरली.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येईल. १८७९ च्या राज्यघटनेने लाच, आमिष, धाकदपटशा किंवा अन्य अप्रामाणिक मार्गांनी आमदाराचे मत वळवण्याच्या प्रयत्नाला लॉबिंग म्हटले आणि तो गंभीर गुन्हा ठरवला. त्या काळी राज्याच्या राजकारणावर एका रेल्वे कंपनीचे वर्चस्व होते आणि त्याविरुद्ध सुधारकांनी आंदोलन केले. त्या आंदोलनातून १९११ मध्ये मतदारांना थेट मतदानाने कायदा करण्याचा अधिकार मिळाला, आणि पुढच्या हकिकतीत तोच निर्णायक ठरला. १९४९ मध्ये एका राष्ट्रीय साप्ताहिकाने मद्यव्यवसायाचे काम पाहणाऱ्या एका बड्या लॉबिस्टावर लेख छापला. शब्दभ्रमकाराजवळ असतो तसा बाहुला मांडीवर घेऊन तो छायाचित्रासाठी बसला होता आणि तो बाहुला म्हणजे राज्याचे विधिमंडळ, असे त्याला सुचवायचे होते. राज्यभर संताप उसळला, लॉबिस्टांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि १९५३ मध्ये तो स्वतः प्राप्तिकर चुकवल्याबद्दल दोषी ठरला. नोंदणीचा तो कायदा मात्र दुबळा होता, कारण ज्यांचे मत वळवायचे त्यांच्याच विधिमंडळाकडे त्याची देखरेख होती.

१९६६ च्या घटनादुरुस्तीनंतर विधिमंडळ पूर्णवेळ झाले. अधिवेशने लांबली, आमदारांचा सहायक कर्मचारीवर्ग वाढला आणि लॉबिस्टांचेही काम बारमाही झाले. त्या काळी आमदारांच्या जेवणाचा खर्च लॉबिस्टांनी उचलणे हा रिवाज होता. ‘मूस मिल्क’ नावाने ओळखले जाणारे फुकट जेवण तर ठरलेल्या दिवशी होत असे. आमदाराने यायचे, ताट भरायचे आणि बिलाची चिंता करायची नाही. सत्तरच्या दशकातल्या सुधारणावाद्यांचा रोख या जेवणावळींवर होता, आणि तो योग्यच होता असे मला वाटते. रोज ज्याच्या पैशाने जेवायचे, त्याला नकार देणे माणसाला जड जाते.

४ जून १९७४ रोजी ‘प्रॉपोझिशन ९’, म्हणजे मतदारांपुढे थेट मतदानासाठी आलेला कायद्याचा प्रस्ताव, सुमारे ७० टक्के मतांनी संमत झाला. वॉटरगेट प्रकरणाने देश ढवळून निघाला होता. या प्रस्तावामागे नागरिकांच्या दोन संघटना आणि राज्याचे तत्कालीन सचिव होते. हे सचिव त्याच वर्षी गव्हर्नर म्हणून निवडून आले. कायद्याने पाच सदस्यांचा स्वतंत्र देखरेख आयोग स्थापन केला. लॉबिस्टाने एका पदाधिकाऱ्याला महिन्याला १० डॉलरपर्यंतचीच भेट द्यावी, अशी मर्यादा आली. ‘दोन हॅम्बर्गर आणि एक कोक’ एवढ्यात ही मर्यादा संपते, असे तेव्हा म्हटले गेले आणि तो वाक्प्रयोग सॅक्रामेंटोत अजून टिकून आहे. विधेयक मंजूर झाले तरच फी, अशा बोलीवर काम घेण्यास मनाई झाली. आधी एखादे विधेयक मांडायला लावायचे आणि मग ते मंजूर करवण्याचे किंवा पाडण्याचे काम स्वतःच मिळवायचे, या जुन्या युक्तीलाही बंदी आली. या बंदीसाठी स्वतंत्र पोटकलम लिहावे लागले, यावरून ती युक्ती किती रुळलेली होती हे कळते.

व्यवसायाला जिव्हारी लागले ते मात्र वेगळेच कलम. लॉबिस्टाने कोणत्याही उमेदवाराला देणगी देऊ नये, देणगीत मध्यस्थ होऊ नये आणि दुसऱ्याच्या देणगीची व्यवस्थाही करू नये, असे ते सांगत होते. या कायद्याच्या छायेत सॅक्रामेंटोतल्या लॉबिस्टांची एकजूट झाली आणि त्यांच्या संघटनेने कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. हे देणगीचे हत्यार वाचवण्याचे निमित्त आहे की सभासदांच्या नागरी हक्काचा प्रश्न, यावर त्या वेळी आणि नंतरही बरीच कडवट चर्चा झाली. टीकाकारांच्या मते देणगी हेच लॉबिस्टाचे खरे हत्यार होते आणि ते हातातून जाऊ नये म्हणून हक्कांची भाषा पुढे केली जात होती. संघटनेचा युक्तिवाद असा होता की, लॉबिस्ट हा आधी मतदार आणि नागरिक आहे. व्यवसाय निवडला म्हणून त्याचा राजकीय सहभागाचा हक्क हिरावून घेता येत नाही.

१९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात निवडणूक देणगीचा संबंध अभिव्यक्ती आणि संघटनस्वातंत्र्याशी जोडला, आणि संघटनेच्या युक्तिवादाला बळ मिळाले. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने देणगीबंदीचे कलम रद्द ठरवले. हा निकाल अनेकदा ‘लॉबिस्टांचा विजय’ एवढ्याच शब्दांत सांगितला जातो, म्हणून त्याचे कारण नीट वाचले पाहिजे. राज्याला भ्रष्टाचार रोखण्याचा अधिकार नाही, असे न्यायालयाने म्हटले नाही. कलमाचे जाळे प्रमाणाबाहेर मोठे आहे, असे त्याचे म्हणणे होते. ज्या उमेदवाराशी लॉबिस्टाचा कधीच संबंध येणार नाही, त्यालाही देणगी देण्यास मनाई होती. लहान देणगी आणि मोठी देणगी यांत भेद नव्हता. क्वचित लॉबिंग करणारा आणि रोज करणारा यांनाही एकच दंडक होता. नोंदणी, खर्चाचे विवरण आणि १० डॉलरची मर्यादा ही कायद्याची चौकट मात्र कायम राहिली.

माझ्या मते व्यवसायाचे स्वरूप बदलले ते या टिकलेल्या चौकटीमुळे. संघटना एका कलमावर जिंकली, पण तिच्या सभासदांना त्यानंतर दर वेळी आपला ग्राहक कोण, त्याच्याकडून किती पैसे मिळाले आणि कोणत्या विधेयकावर काम केले, हे लिहून द्यावे लागले. आजही दोन वर्षांच्या प्रत्येक अधिवेशनकाळासाठी नव्याने नोंदणी करावी लागते. लॉबिस्टाने ६०४ क्रमांकाच्या नमुन्यात प्रमाणपत्र भरायचे आणि आपले छायाचित्र द्यायचे. फर्मने ६२५ आणि नोकरीवर लॉबिस्ट ठेवणाऱ्या संस्थेने ६३५ क्रमांकाच्या नमुन्यात दर तिमाहीला हिशेब द्यायचा. १९९९ नंतर ही विवरणे ऑनलाइन दिसू लागली. ज्याचे नाव, फोटो आणि ग्राहकांची यादी कोणीही पाहू शकतो, तो माणूस स्वतःला व्यावसायिक म्हणवून घेऊ शकतो. अनोळखी दलालाला ते शक्य नसते. भारतात अशी सक्तीची नोंदणी नाही, म्हणून या तपशिलाचे मोल आपल्याला अधिक जाणवते.

रद्द झालेले कलम वेगळ्या रूपात परत आले. नोव्हेंबर १९९६ मध्ये मतदारांनी संमत केलेल्या ‘प्रॉपोझिशन २०८’मध्ये लॉबिस्टाने देणगी देण्यावर आणि ती पोहोचवण्यावर बंदी होती; पण देणग्यांच्या इतर मर्यादांमुळे तो कायदा वादात सापडला आणि जानेवारी १९९८ मध्ये संघराज्य न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मग विधिमंडळानेच स्वतःचा पर्याय मतदारांपुढे ठेवला. नोव्हेंबर २००० मध्ये ‘प्रॉपोझिशन ३४’ सुमारे ६० टक्के मतांनी संमत झाले. त्यातले कलम १९७९ चा निकाल समोर ठेवून बेतलेले दिसते. लॉबिस्ट ज्या शासकीय संस्थेपुढे काम करण्यासाठी नोंदलेला आहे, त्याच संस्थेच्या पदाधिकाऱ्याला किंवा उमेदवाराला त्याने देणगी देऊ नये, एवढीच मनाई त्यात आहे. विधिमंडळापुढे काम करणाऱ्याने आमदारकीच्या उमेदवाराला पैसे द्यायचे नाहीत. शहराच्या नगरसेवकाला द्यायला हरकत नाही.

संघटना पुन्हा न्यायालयात गेली, या वेळी संघराज्य जिल्हा न्यायालयात. २००१ मध्ये निकाल तिच्या विरोधात लागला. बंदी आता नेमक्या जागी लागते, लॉबिस्टाला स्वयंसेवक म्हणून काम करता येते, जाहीर पाठिंबा देता येतो, आणि देणगीतून होणाऱ्या सौदेबाजीचा धोका या नात्यात सर्वांत जास्त असतो, असा त्या निकालाचा आशय होता. तेच कलम आज लागू आहे. या वादात एक गोष्ट मात्र जवळजवळ कोणी बोलून दाखवत नाही. १९७४ च्या कलमातला ‘मध्यस्थ होणे’ आणि ‘देणगीची व्यवस्था करणे’ हा भाग, तसेच १९९६ मधला ‘देणगी पोहोचवणे’ हा भाग २००० च्या मजकुरात नाही. लॉबिस्टाच्या स्वतःच्या खिशावर बंदी राहिली. त्याला पगार देणाऱ्या कंपनीच्या किंवा कामगार संघटनेच्या देणगीवर रकमेच्या ठरावीक मर्यादेखेरीज दुसरे बंधन आले नाही. आमदारांच्या दृष्टीने मोठ्या रकमा नेहमी तिथूनच येत असल्यामुळे, ज्या भागासाठी दोन वेळा न्यायालयात झुंज झाली तो पैशाच्या हिशेबात लहान होता. प्रतिष्ठेच्या हिशेबात तो लहान नव्हता, हे संघटनेच्या बाजूने मान्य केले पाहिजे: विशिष्ट व्यवसायातल्या माणसाची देणगी तेवढी कायद्याने संशयित ठरली.

या मधल्या काळात बाकीचे जगही बदलत होते. सप्टेंबर १९८७ मध्ये कॅपिटॉल या विधिमंडळाच्या इमारतीजवळच्या फ्रँक फॅट्स या चिनी उपाहारगृहात वकील, डॉक्टर, विमा कंपन्या आणि उद्योग यांच्या प्रतिनिधींनी आमदारांसह बसून नुकसानभरपाईच्या दाव्यांविषयीची तडजोड कापडी नॅपकिनवर लिहून काढली आणि अधिवेशन संपण्याआधी तिचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८८ मध्ये, संघराज्याच्या तपाससंस्थेने कॅपिटॉलमधल्या कार्यालयांवर छापे घातले. कोळंबीवर प्रक्रिया करणाऱ्या एका बनावट कंपनीच्या नावाने विधेयक पुढे सरकवून तपास अधिकाऱ्यांनी सापळा रचला होता. काही आमदार आणि एक नामवंत लॉबिस्ट पुढे दोषी ठरले. जून १९९० मध्ये मतदारांनी आमदारांनी भाषणांसाठी मानधन घेण्यावर बंदी घातली, आणि त्याबरोबरच्या कायद्याने लॉबिस्टांसाठी नीतिविषयक अभ्यासवर्ग सक्तीचा केला. माजी आमदाराला वर्षभर आपल्या जुन्या सहकाऱ्यांपुढे मोबदला घेऊन बाजू मांडता येणार नाही, हा नियमही त्याच वर्षीचा.

नोव्हेंबर १९९० च्या कार्यकालमर्यादेने मात्र लॉबिस्टांचे वजन वाढवले, असे सॅक्रामेंटोत सर्रास मानले जाते आणि मलाही ते पटते. कनिष्ठ सभागृहात सहा वर्षे आणि वरिष्ठ सभागृहात आठ वर्षे झाली की आमदाराने बाहेर पडायचे; पाणीवाटपाचा किंवा विम्याचा पंचवीस वर्षांचा इतिहास मग ज्याच्या डोक्यात राहतो, तो लॉबिस्टच असतो. २०१२ मध्ये ही मर्यादा एकूण बारा वर्षांची झाली आणि एकाच सभागृहात ती पुरी करण्याची मुभा मिळाली.

अलीकडच्या दोन घटनांनी संघटनेच्या सभासदांना थेट झळ लागली. २०१४ च्या आरंभी एका फर्मला १ लाख ३३ हजार ५०० डॉलरचा दंड झाला, कारण तिच्या प्रमुखाच्या घरी झालेल्या निधिसंकलन मेजवान्यांचा खर्च कायद्याने सूट दिलेल्या ५०० डॉलरपेक्षा जास्त होता आणि तेवढ्यावरून तो खर्च देणगी ठरत होता. घरच्या मेजवानीला मिळणारी ही सूट म्हणजे देणगीबंदीतली पळवाट होती; त्याच वर्षीच्या कायद्याने ती लॉबिस्टांसाठी बंद केली. ऑक्टोबर २०१७ मध्ये विधिमंडळाच्या वर्तुळात काम करणाऱ्या १४० हून अधिक महिलांनी, त्यांत लॉबिस्टही होत्या, लैंगिक छळाविरुद्ध जाहीर पत्र लिहिले. ज्या आमदाराच्या मतावर आपली उपजीविका अवलंबून आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार करणे लॉबिस्ट महिलेला नोकरदार महिलेपेक्षाही अवघड असते, कारण तिचा मालक विधिमंडळ नसते आणि विधिमंडळाच्या तक्रारयंत्रणेत तिचे स्थान तेव्हा अस्पष्ट होते. २०१८ मध्ये लॉबिस्टांच्या सक्तीच्या नीतिवर्गात छळप्रतिबंधाची माहिती समाविष्ट करण्यात आली.

नोंदणी कोणाला लागू, हा प्रश्न अजून धुमसत आहे. कंत्राटी काम करणाऱ्याला एका महिन्यात आमदार-अधिकाऱ्यांशी थेट संपर्कासाठी २,००० डॉलर मिळाले की नोंदणी करावी लागते. कंपनीच्या पगारी नोकराला मात्र महिन्यातल्या कामाच्या वेळेपैकी एक तृतीयांश वेळ थेट संपर्कात गेला तरच. उरलेला वेळ आखणी, संशोधन आणि माध्यमांवर घालवणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने लॉबिस्ट नसतो. त्याला १० डॉलरची मर्यादा लागू नाही, नीतिवर्ग नाही आणि देणगीबंदीही नाही. नोंदणी केलेल्या सभासदांवर बंधने वाढत असताना त्यांच्याच खुर्चीशेजारी बसणारा हा वर्ग मोकळा राहतो. देणगीच्या हक्कासाठी संघटनेने जेवढी शक्ती खर्च केली, तेवढीच ही एक तृतीयांशाची कसोटी कडक करून घेण्यासाठी खर्च केली असती तर तिच्या नोंदणीकृत सभासदांचे हित अधिक साधले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.