ईआरपी एकत्रीकरण

ईआरपी एकत्रीकरण : अनेक देशांत कारभार असलेल्या उद्योगसमूहाने आपल्या कंपन्या, कारखाने आणि शाखा यांच्याकडील वेगवेगळ्या संगणकप्रणाली बंद करून हिशेब, खरेदी, साठा, उत्पादन व विक्री हा सगळा व्यवहार एकाच सामायिक प्रणालीवर आणणे. ईआरपी म्हणजे एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग. प्रणालीच्या चालू असलेल्या एका प्रतीला इन्स्टन्स म्हणतात, म्हणून या क्षेत्रातली माणसे एकत्रीकरणाला ‘सिंगल इन्स्टन्सवर जाणे’ असे म्हणतात. नावावरून हे काम सॉफ्टवेअरचे वाटते. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग एका वस्तूला सगळ्यांनी एकच नाव द्यावे, यासाठी चाललेल्या तंट्यांचा असतो.

पार्श्वभूमी : कारखान्याला कोणता कच्चा माल कधी आणि किती लागेल हे काढून देणाऱ्या प्रणाली अमेरिकेत १९६०च्या दशकात वापरात आल्या. त्यांना एमआरपी (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग) म्हणत. आपल्याकडच्या पाकिटावर छापलेल्या एमआरपीशी तिचा संबंध नाही. पुढे त्यात हिशेब, विक्री, मनुष्यबळ अशी खाती जोडली गेली आणि १९९०मध्ये गार्टनर या सल्लागार संस्थेने या सगळ्याला ईआरपी हे नाव दिले. जर्मनीतील एसएपी ही कंपनी आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२मध्ये काढली होती. तिची आर/२ ही प्रणाली मेनफ्रेमवर चाले, म्हणजे ती बड्या कंपन्यांच्याच आवाक्यातली. १९९२मध्ये आलेली आर/३ त्यामानाने लहान यंत्रांवर चालू लागली आणि देशोदेशीच्या शाखांनी ती आपापली स्वतंत्रपणे घेतली. त्यातच २००० साल जवळ आले. जुन्या प्रणालींत वर्ष दोनच अंकांत साठवलेले होते, त्यामुळे २००० हे १९०० धरले जाण्याची भीती होती. ते दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवी प्रणाली घेऊन टाकावी, असा विचार अनेकांनी केला. वेळ कमी होता, त्यामुळे ज्याने त्याने आपल्यापुरते पाहिले. मुख्यालय एक आणि प्रणाली दहा-वीस, त्यातल्या काही तर एकाच विक्रेत्याच्या असूनही एकमेकींशी न बोलणाऱ्या, ही अवस्था तेव्हाची.

कंपन्यांच्या खरेदी-विक्रीने यात सतत भर पडते. विकत घेतलेली कंपनी आपली प्रणाली बिऱ्हाडासकट घेऊन येते. प्रणाली विकणाऱ्यांच्या घरातही हेच झाले: पीपलसॉफ्टने २००३मध्ये जेडी एडवर्ड्स घेतली आणि २००५च्या जानेवारीत ओरॅकलने पीपलसॉफ्टच घेतली.

अनेक प्रणालींचा त्रास सर्वात आधी महिनाअखेरीला जाणवतो. समूहातल्या एका कंपनीच्या वहीत दुसरीकडून येणे दिसते, पण दुसरीच्या वहीत देणे त्याहून कमी असते. मग प्रत्येक देश आपापली एक्सेल मुख्यालयाला पाठवतो आणि तिथले लोक फरक शोधत रात्री जागवतात.

नेस्लेचा अनुभव : एकत्रीकरणाची चर्चा जिथे होते तिथे नेस्लेचे उदाहरण निघतेच. मुख्यालय स्वित्झर्लंडमधील व्हेवे येथे; अमेरिकेतली शाखा १९९०च्या दशकात नावाला एक, पण आतून नऊ स्वायत्त विभागांची होती. १९९७मध्ये पाहणी झाली तेव्हा असे आढळले, की एकाच पुरवठादाराकडून येणाऱ्या व्हॅनिलाला ही शाखा २९ वेगवेगळे दर मोजत होती. ज्या कारखान्याकडून जितके मिळतील तितके पुरवठादार घेई. हे कोणाच्या लक्षात येत नव्हते, याचे कारण साधे होते. प्रत्येक विभागाने आणि कारखान्याने व्हॅनिलाला आपापला क्रमांक दिला होता. एकाच्या यादीत ती १२३४, तर दुसऱ्याच्या यादीत ७७७८ असावी, असा प्रकार. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तरी पदार्थ एकच आहे हे कळायला मार्ग नव्हता.

मग ‘बेस्ट’ नावाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. २०००ची मुदत डोक्यावर असल्याने मॉड्यूल, म्हणजे प्रणालीचे एकेका कामाचे भाग, भराभर बसवली गेली, आणि ज्यांनी ती रोज वापरायची त्यांना आखणीच्या वेळी विचारलेच गेले नव्हते. मागणीचा अंदाज बांधणाऱ्या गटात माणसे सोडून जाण्याचे प्रमाण ७७ टक्क्यांवर पोचले. मॉड्यूल एकमेकांना नीट जोडलेली नव्हती ती वेगळीच अडचण. विक्री प्रतिनिधी ग्राहकाला सवलत देई, ती विक्रीच्या बाजूला नोंदली जाई, पण वसुलीच्या बाजूला ती दिसत नसे. ग्राहकाने ठरलेली रक्कम चोख भरली तरी पडद्यावर त्याच्या नावे थकबाकी उभी. शेवटी २००० साली काम थांबवून ते नव्याने आखावे लागले.

त्याच वर्षी जूनमध्ये मूळ कंपनीने एसएपीशी २० कोटी डॉलरचा जागतिक करार केला. सल्ला आणि देखभालीचे ८ कोटी डॉलर वेगळे. या कार्यक्रमाचे नाव ‘ग्लोब’. त्याची उद्दिष्टे तीन: कामाच्या पद्धती एक, डेटाचे मानक एक, संगणकयंत्रणा एक. यंत्रणा शेवटी येते हा क्रम बरेच काही सांगतो. कार्यक्रमाचे प्रमुखपदही संगणक विभागातल्या कोणाकडे न देता व्यवसायाच्या बाजूने आलेल्या क्रिस जॉन्सन यांच्याकडे देण्यात आले.

मास्टर डेटा : वस्तू, पुरवठादार, ग्राहक आणि खाती यांच्या मूळ नोंदींना मास्टर डेटा म्हणतात. समजा, एका कारखान्याच्या यादीत ‘बोल्ट हेक्स एम१२’ आहे, दुसऱ्याच्या यादीत ‘एम-१२ षटकोनी बोल्ट’ आणि तिसऱ्याने नुसतेच ‘बोल्ट मोठा’ लिहून ठेवले आहे. पहिला नगावर घेतो, दुसरा शेकड्यावर, तिसरा किलोवर. संगणक सारख्या दिसणाऱ्या जोड्या काढून देतो, पण त्या खरोखर एक आहेत का हे स्टोअरमध्ये वर्षानुवर्षे काम केलेला माणूसच सांगू शकतो. ‘बोल्ट मोठा’ म्हणजे नेमका कोणता, हे त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते. अशा माणसाला महिनाभर कामातून मोकळे करायला कारखाना तयार नसतो, आणि प्रकल्पाचे वेळापत्रक बहुधा इथेच घसरते.

आकड्यांचीही गंमत आहे. ‘१.२५०’ हा आकडा जर्मनीत बाराशे पन्नास वाचला जातो. आपल्याकडे तो सव्वा. एक फाइल चुकीच्या रचनेत चढली, की सव्वा किलो रंगद्रव्याचा सव्वा टन होतो.

साचा आणि स्थानिक गरजा : सगळ्या देशांना लागू होईल अशी कार्यपद्धती आधी ठरवतात. तिला ‘ग्लोबल टेम्पलेट’ म्हणतात. मग एकेका देशात तिचा रोलआउट होतो, आणि प्रत्येक देशात पहिल्या बैठकीत तेच वाक्य ऐकू येते: “आमच्याकडे असं चालत नाही.” कधी ते खरे असते, कधी ती नुसती सवय असते. कायदा दाखवा नाहीतर पद्धत बदला, हा अनुभवी मंडळींचा नियम. तो उद्धट वाटला तरी त्याहून चांगला नियम अजून सापडलेला नाही.

कायदा खरोखर आड येतो त्याचे आपल्याकडचे उदाहरण जीएसटीचे आहे. कंपनीने गोव्यातल्या कारखान्यातून पुण्याच्या डेपोत माल पाठवला, तर युरोपात बसून केलेल्या साच्याच्या दृष्टीने माल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला. कंपनी तीच, विक्री झालीच नाही. पण १ जुलै २०१७पासून प्रत्येक राज्यातली नोंदणी स्वतंत्र धरली जाते. गोव्याचा जीएसटी क्रमांक ३०ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ने, आणि या दोन क्रमांकांमध्ये गेलेला माल हा करपात्र पुरवठा ठरतो. त्यासाठी बीजक हवे, त्यावर आयजीएसटी हवा, आणि माल ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर ई-वे बिलही हवे. मुख्यालयातल्या माणसाला हे पटवताना नकाशा काढून दाखवावा लागतो. ब्राझीलची कथा अशीच: तिथे इलेक्ट्रॉनिक ‘नोटा फिस्काल’ला, म्हणजे बीजकाला, सरकारी मंजुरी मिळाल्याखेरीज माल गेटाबाहेर काढता येत नाही.

उलट बाजूचा धडा लिडल या जर्मन किराणा साखळीने दिला. साठ्याचे मूल्य खरेदी किमतीवर धरण्याची तिची रीत होती. एसएपीच्या तयार रचनेत ते विक्री किमतीवर धरले जाई. लिडलने आपली रीत सोडली नाही, सॉफ्टवेअर वाकवले. सुमारे सात वर्षे आणि अंदाजे ५० कोटी युरो खर्चून २०१८मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला.

कटओव्हर : जुनी प्रणाली बंद करून नवी सुरू करण्याच्या टप्प्याला कटओव्हर म्हणतात. तो बहुधा शनिवार-रविवारवर टाकतात. शुक्रवारी रात्री जुन्या प्रणालीत नोंदी करण्याचे अधिकार काढून घेतले जातात. त्यानंतर अर्धवट राहिलेल्या खरेदी ऑर्डरी, गोदामातला साठा, ग्राहकांची येणी आणि खात्यांच्या शिलका या क्रमाने पलीकडे नेल्या जातात. तेरीज दोन्हीकडे पैशापर्यंत जुळावी लागते. रविवारी दुपारी कधीतरी पुढे जायचे की जुन्या प्रणालीवर परत फिरायचे, हे ठरवणारा फोन होतो. सोमवारी गेटवर पहिला ट्रक उभा राहतो, तेव्हा बीजक छापून येते की नाही याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. प्रिंटरची जोडणी करायची राहून गेली, हे तेव्हाच कळते.

मुहूर्त चुकला तर काय होते हे हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने दाखवले. चार वर्षांचे काम ३० महिन्यांत बसवून तिने जुलै १९९९मध्ये नवी प्रणाली सुरू केली, म्हणजे हॅलोविनच्या खरेदीच्या तोंडावर. गोदामात गोळ्या-चॉकलेटे होती आणि दुकानदारांच्या ऑर्डरीही होत्या. तरी सुमारे १० कोटी डॉलरचा माल वेळेवर पोचला नाही आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घटला. आपल्याकडे कोणी मिठाईवाला दिवाळीच्या आठवड्यात नवी भट्टी लावणार नाही. रेव्हलॉनलाही २०१८मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील कारखान्यात नवी प्रणाली सुरू करताना असाच फटका बसला, ६.४ कोटी डॉलरचा माल वेळेत जाऊ शकला नाही.

रात्र नसलेली प्रणाली : एकच इन्स्टन्स झाल्यावर एक नवी पंचाईत उभी राहते. देखभालीसाठी प्रणाली बंद कधी ठेवायची? पुण्यात मध्यरात्र असते तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये दुपारचे अडीच वाजलेले असतात. रविवार सोयीचा म्हणावा, तर सौदी अरेबियात शुक्रवार-शनिवारची सुटी असते आणि रविवारी कचेऱ्या भरलेल्या असतात. एक चूक झाली की ती सगळ्याच देशांत एकदम होते, हाही धोका आहेच. म्हणून काही समूह मुख्य कंपन्यांसाठी एक मोठी आणि लहान शाखांसाठी हलकी प्रणाली ठेवतात. काही जण फक्त हिशेब एकत्र आणून बाकीचे जिथल्या तिथे राहू देतात. सरसकट एकच प्रणाली हवी हा आग्रह विक्रेत्याच्या सोयीचा अधिक असतो.

हे काम मोठ्या प्रमाणावर भारतातून होते आणि हिंजवडी-खराडीच्या कचेऱ्यांचा त्यात मोठा वाटा आहे. एसएपीच्या पोटातली नावे अजून जर्मन आहेत. पुरवठादाराच्या क्रमांकाचे ‘लिफनर’ हे नाव ‘लीफरांट’ या जर्मन शब्दावरून आले, तर ‘बुक्रस’ हे ‘बुखुंग्सक्राइस’चे लघुरूप, म्हणजे हिशेबाचे एकक असलेली कंपनी. वस्तूंच्या मूळ तक्त्याचे नाव ‘मारा’. जर्मनचा एकही तास न केलेली मराठी मुले-मुली हे शब्द दिवसभर तोंडात घोळवत असतात.

सध्या एकत्रीकरणाला जोर येण्याचे एक कारण मुदतीचे आहे. एसएपीच्या जुन्या पिढीच्या प्रणालीची नियमित देखभाल २०२७च्या अखेरीपर्यंतच मिळणार आहे. जास्तीचे पैसे मोजून ती २०३०पर्यंत वाढवता येते. २०१५मध्ये आलेल्या एस/४हाना या पिढीवर जायचेच आहे, तर दोन-चार प्रणाली एकातच विलीन करू, असा विचार त्यामागे असतो. कोऱ्या पाटीवर सुरुवात करण्याला ग्रीनफिल्ड म्हणतात. जुने सगळे उचलून नेण्याला ब्राउनफिल्ड. दुसऱ्या वाटेने गेले तर ‘बोल्ट मोठा’ही सोबत येतो.

बंद केलेली प्रणाली मात्र लगेच पुसून टाकता येत नाही. भारतीय कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. त्यामुळे एकत्रीकरण पार पडल्यानंतरही जुना सर्व्हर केवळ वाचण्यापुरता चालू ठेवतात आणि लेखापरीक्षकाने मागितले, की त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे याची शोधाशोध सुरू होते.