डबल म्युटंटची भाऊबंदकी

२०२१ चा फेब्रुवारी आठवतोय का? कोरोनाची पहिली लाट ओसरली म्हणून लग्नंबिग्नं परत जोरात सुरू झाली होती, तेवढ्यात अमरावतीत पेशंट वाढायला लागले, लॉकडाऊन लागला, आणि मार्चमध्ये टीव्हीवर एक नवाच शब्द आला, डबल म्युटंट. नाव ऐकूनच पोटात गोळा यायचा, पण नाव तसं फसवंच होतं, कारण त्या व्हायरसमध्ये बदल दोन नाही, चांगले डझनभर होते.

व्हायरसमधले हे बदल कळतात कसे? आरटीपीसीआर झाल्यावर उरलेल्या सॅम्पलमधूनच. सीटी व्हॅल्यू तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती ना, ती ३० च्या वर गेली की सॅम्पलमध्ये व्हायरसच इतका कमी असतो की सिक्वेन्सिंग, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर अक्षर न् अक्षर वाचणं, नीट होत नाही. सॅम्पल बरं असेल तर व्हायरसचा हा मजकूर ज्यात असतो त्या आरएनएचा डीएनए करायचा, त्याचे साधारण ४०० अक्षरांचे, एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे वाढवायचे, मशीनने वाचायचे आणि कॉम्प्युटरवर जोडायचे. पूर्ण मजकूर जवळपास ३० हजार अक्षरांचा.

आता व्हॉट्सॲपचा फॉरवर्ड घ्या. कुणीतरी टाइप करताना चूक केली की पुढे ज्याला ज्याला तो जातो तिथे ती चूकही जाते, त्यामुळे 'आरोग्य'चं 'आरोज्ञ' झालेला मेसेज मामाकडे आणि शेजारच्या काकूंकडे सापडला तर दोघांचं मूळ एकच असणार. या व्हायरसच्या वंशात महिन्याला साधारण दोन अक्षरं अशी बदलून टिकतात. त्यावरून हेळव्यासारखी वंशावळ मांडायची, कोण कुणाचा, कुठून फुटला.

पण गंमत अशी की एका चुकीवर भरवसा ठेवता येत नाही. गाजलेला बदल होता एल४५२आर, म्हणजे मजकुरातल्या २२,९१७ व्या जागी टी हे अक्षर जाऊन जी आलं, बास, एवढंच. पण हाच बदल कॅलिफोर्नियातल्या एका वेगळ्याच घराण्यातही आलेला, आपला आणि त्यांचा काही संबंध नाही, दोघांनी आपापली तीच चूक केली. म्हणून सगळ्या चुका एकत्र बघून कूळ ठरवतात. आपल्याकडच्याचं कूळ बी.१.६१७, आणि त्यात निघाले तीन भाऊ.

टीव्हीवरचा 'डबल' म्हणजे ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल. हे दोन्ही थोरल्याकडे, बी.१.६१७.१ कडे होते. पण जग पालथं घातलं ते मधल्याने, बी.१.६१७.२ ने, आणि त्याच्यात ई४८४क्यू नव्हताच! ज्याच्या नावाने सगळे घाबरले होते तोच बदल गायब, त्याऐवजी टी४७८के. ३१ मे २०२१ ला डब्ल्यूएचओने थोरल्याला कप्पा आणि मधल्याला डेल्टा नाव दिलं. नुसती 'डबल म्युटंट किती टक्के' अशी मोजणी करत बसलो असतो तर डेल्टा त्यात आलाच नसता, हे मला अजून विचित्र वाटतं.

या कुळाचं सगळ्यात जुनं नोंदलेलं सॅम्पल भारतातलं, ऑक्टोबर २०२० चं. म्हणून तो तिथेच, तेव्हाच जन्मला असं नाही हां, जिथे सिक्वेन्सिंग होतं तिथलाच व्हायरस दिसतो.

आणि नंतर डेल्टाला हटवणारा ओमायक्रॉन? तो डेल्टाचा पोरगा नव्हताच. झाडाच्या पार दुसऱ्या फांदीवरून आला, आणि डेल्टाची सगळी पोरंबाळं बघता बघता मागे पडली.